पाण्यात सोडून दिलेल्या उपकरणाने सागरी प्रवाहाचा वेग कसा मोजतात? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राच्या पृष्ठभागावरचे प्रवाह आता उपग्रहांमुळे बऱ्यापैकी कळतात. पण तीन हजार मीटर खाली पाणी कुठल्या दिशेला आणि किती वेगाने चाललंय, हे कळायला काहीतरी तिथवर पाठवावंच लागतं. त्यासाठीची एक जुनी आणि अजूनही कामाची पद्धत म्हणजे जहाजाशी कसलाही ताण न ठेवता उपकरण पाण्यात मोकळं सोडून देणं. त्याबद्दल विद्यार्थी आणि पहिल्यांदा मोहिमेवर निघालेले लोक जे नेहमी विचारतात, ते इथे एकत्र केलंय.

उपकरण नुसतं सोडून दिलं तर ते वेग कसा मोजणार?

बहुतेक वेळा ते वेग मोजत नाहीच. ते खाली जाता जाता आजूबाजूच्या पाण्याबरोबर आडवं वाहत जातं, आणि ते किती वाहवलं हे आपण शोधतो. पाणी पूर्वेला सेकंदाला २० सेंटीमीटर सरकत असेल, तर त्यातून पडणारी नळीही थोड्याच वेळात तेवढ्याच वेगाने पूर्वेला सरकू लागते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की ती सरकली हे कशाच्या सापेक्ष ठरवायचं? जीपीएसच्या, तळावर ठेवलेल्या खुणेच्या, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या? खाली ज्या पद्धती येतात त्यांतला खरा फरक या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे. उपकरणाचा रंग, आकार, किंमत हे सगळं नंतरचं.

त्यापेक्षा केबलला बांधून खाली सोडणं सोपं नाही का?

सोपं आहे, आणि वेगमापक तसे सोडतातही. पण केबलच्या दुसऱ्या टोकाला जहाज असतं, आणि जहाज कधीच स्वस्थ नसतं. आठ सेकंदांच्या लाटेवर जहाज एक मीटर वर आणि एक मीटर खाली होत असेल, तर त्याचा उभा वेग मधेमधे सेकंदाला ७५–८० सेंटीमीटरपर्यंत जातो. जहाज वाऱ्याने एक नॉटने सरकत असेल तर ते झाले सेकंदाला ५१ सेंटीमीटर. आणि खोल समुद्रातला जो प्रवाह मोजायचाय तो पुष्कळदा सेकंदाला तीन-चार सेंटीमीटर असतो. शिवाय ताणलेली केबल पाण्यात तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते. नाजूक मोजणीत ही थरथर सरळ आकड्यांत उतरते.

केबल सोडली की हे सगळे उपद्रव एकदम संपतात. नवीन उपद्रव सुरू होतात, ते पुढे येतीलच.

सगळ्यात साधी पद्धत कोणती?

ड्रॉपसोंड. विल्यम रिचर्डसन आणि विल्यम श्मिट्झ यांनी १९६५ साली फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत वापरून तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. कल्पना इतकी सरळ आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, यात काहीतरी सुटलंय.

एक तरंगणारी नळी घ्या. तिला वजन लावा. ती तळापर्यंत बुडते, तिथे वजन सुटतं, नळी परत वर येते. टाकली त्या जागेपासून ती किती दूर उगवली हे मोजा आणि लागलेल्या वेळाने भागा. वरपासून तळापर्यंतच्या पाण्याचा सरासरी वेग हाती आला.

आकडे घालून बघू. खोली ७०० मीटर, खाली-वर मिळून १५ मिनिटं लागली आणि नळी १,०८० मीटर उत्तरेला उगवली. १,०८० भागिले ९०० सेकंद म्हणजे सेकंदाला १.२ मीटर. याला खोलीने गुणलं की ८४० येतात, म्हणजे त्या जागच्या एक मीटर रुंद पट्टीतून सेकंदाला ८४० घनमीटर पाणी जातंय. अशा जागा सामुद्रधुनीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत घेतल्या, मधल्या पट्ट्या जोडल्या, की पूर्ण प्रवाहातून किती पाणी वाहतं ते मिळतं. मधे कुठला वेगमापक नाही.

अट एकच. नळीने प्रत्येक थरात सारखाच वेळ काढला पाहिजे, म्हणजे पडण्याचा आणि चढण्याचा वेग एकसमान हवा. वरच्या शंभर मीटरमध्ये ती रेंगाळली तर सरासरी वरच्या वेगवान पाण्याकडे झुकते.

नळी वर आली ते लगेच दिसलं नाही तर?

हाच या पद्धतीचा खरा घोळ. नळी वर आल्यावर थांबत नाही, पृष्ठभागावरच्या प्रवाहात वाहत राहते. तिथे वेग सेकंदाला दीड मीटर असेल आणि तुम्हाला ती दोन मिनिटं उशिरा दिसली, तर ती तोवर १८० मीटर पुढे गेलेली असते. १,०८० मधले १८० म्हणजे किरकोळ चूक नव्हे. जुन्या काळी रेडिओ दिशादर्शनावर जागा ठरवत आणि डेकवर चार जण चारही दिशांना डोळे लावून उभे असत. आता नळीतच जीपीएस असतो, वर येताच ती स्वतःची जागा नोंदवते. तरीही डोळे लावून उभं राहावं लागतंच, कारण जागा कळणं आणि उसळत्या पाण्यातून नळी हुकाने पकडून आत घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा उपयोग आजही होतो का?

होतो, आणि तिथेच सुरू आहे जिथे सुरुवात झाली. फ्लोरिडा आणि बहामा बेटं यांच्यामध्ये साधारण २७ अंश उत्तरेला सुमारे ८० किलोमीटर रुंदीत ९ ठरलेल्या जागा आहेत. तिथे अमेरिकेच्या सागर-हवामान संस्थेतर्फे नियमित ड्रॉपसोंड टाकले जातात. तिथून सरासरी सुमारे ३२ स्वेर्ड्रुप पाणी उत्तरेला जातं. एक स्वेर्ड्रुप म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर.

तिथे समुद्रतळावर एक जुनी टेलिफोन केबलही आहे. खारं पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहताना त्या केबलमध्ये व्होल्टेज तयार होतं, आणि १९८२ पासून त्या व्होल्टेजवरून रोजचा प्रवाह काढला गेला आहे. पण व्होल्ट म्हणजे पाणी नव्हे. किती व्होल्टला किती पाणी, हे ठरवायला कुणीतरी खरोखर पाणी मोजणारं लागतं, आणि ते काम ड्रॉपसोंड करतात. केबलच्या नोंदीत प्रवाह हळूहळू घटत चालल्यासारखा दिसत होता. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच दशकांगणिक थोडं बदलतंय, ही दुरुस्ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केल्यावर ती घट जवळपास नाहीशी झाली. मला हे उदाहरण फार आवडतं. वजन लावलेली साधी नळी कालबाह्य झाली असं कुणी म्हणालं की मी तेच सांगतो.

सरासरी नको, प्रत्येक खोलीवरचा वेग हवा असेल तर?

मग उपकरण पाण्याखाली असतानाच त्याच्या जागेचा माग ठेवावा लागतो. पाण्यात रेडिओलहरी काही मीटरांतच विरतात, जीपीएस चालत नाही. चालतो तो आवाज, सेकंदाला साधारण १,५०० मीटर वेगाने.

यासाठी तळावर आधी दोन-तीन ट्रान्सपाँडर ठेवतात. ट्रान्सपाँडर म्हणजे हाक ऐकली की ओ देणारं यंत्र. पडणारं उपकरण दर काही सेकंदांनी हाक मारतं, दोन्हींकडून ओ यायला किती वेळ लागला ते नोंदवतं, आणि दाबावरून स्वतःची खोली नोंदवतं. दोन अंतरं आणि एक खोली मिळाली की जागा ठरते. लागोपाठच्या दोन जागांमधलं अंतर भागिले मधला वेळ, हा झाला त्या थरातला वेग. १९७० च्या दशकातलं व्हाइट हॉर्स आणि १९८१ साली वर्णन प्रसिद्ध झालेलं पेगॅसस ही या घराण्यातली नावाजलेली उपकरणं.

दोन बारकावे लक्षात ठेवा. दोन ट्रान्सपाँडर असतील तर गणिताला दोन उत्तरं येतात, दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला तितकंच दूर दुसरं. उपकरण नेमकं कुठल्या बाजूला सोडलं ते वहीत लिहून ठेवलं नसेल तर नंतर डोकं धरून बसायची वेळ येते. आणि उपकरण त्या रेषेच्या अगदी वर पडत असेल तर रेषेला आडवी हालचाल अंतरांत जवळपास उमटतच नाही. म्हणून मुद्दाम रेषेपासून बाजूला जाऊन सोडतात.

वेळेच्या अचूकतेचा अंदाज यावा म्हणून सांगतो: एकेरी प्रवासात एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे दीड मीटर. जागा दर १६ सेकंदांनी घेतली तर वेगात सेकंदाला नऊ सेंटीमीटरची चूक होते. म्हणूनच कच्च्या जागांवर थेट भागाकार करत नाहीत, आधी बऱ्याच जागा जोडून गुळगुळीत रेघ काढतात.

हे उपकरण हळू पडतं, सेकंदाला साधारण अर्धा मीटर. चार हजार मीटर खोल जायला ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास. तेवढाच वेळ परत यायला. तेवढ्यात जेवण होतं.

ते सरळ खाली पडतं याची खात्री काय?

काहीच नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याने निम्मं काम केलेलं असतं. उपकरणाचे पंख किंचित वाकडे असतील, वजन एका बाजूला झुकलेलं असेल, तर उपकरण पडता पडता विमानासारखं एका बाजूला घसरतं. समजा ते उभ्या रेषेपासून एक अंशाने तिरकं घसरतंय. सेकंदाला अर्धा मीटर पडताना आडवी घसरण होते सेकंदाला ०.९ सेंटीमीटर. खोल समुद्रात चार सेंटीमीटर मोजायचे असताना त्यातला जवळपास एक सेंटीमीटर खोटा!

उपाय म्हणजे त्याला मुद्दाम गिरक्या घ्यायला लावायचं. पंख सारख्याच कोनात तिरके लावले की उपकरण पडताना फिरत राहतं. मग घसरण कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला होते आणि सरासरीत निघून जाते.

दुसरी गोष्ट, उपकरण प्रवाहाचं अनुकरण लगेच करत नाही. त्याला वस्तुमान आहे. वेगळ्या वेगाच्या थरात शिरल्यावर जुळवून घ्यायला त्याला काही मीटरांचं पडणं लागतं. त्यापेक्षा पातळ थर आलेखात पुसट होतात. जाड आणि जड उपकरणाला पातळ थर दिसत नाहीत, इतकं साधं आहे ते.

विद्युत पद्धत म्हणजे काय? पाण्यातून वीज कशी मिळते?

खारं पाणी वीजवाहक आहे आणि ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून सरकतंय. वाहक चुंबकीय क्षेत्रातून सरकला की त्यात विद्युतदाब तयार होतो, हे मायकेल फॅरेडेचंच तत्त्व. १८३२ साली त्याने लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तांब्याच्या पट्ट्या सोडून ते तपासायचा प्रयत्नही केला. त्याला खात्रीचं उत्तर मिळालं नाही, पण विचार बरोबर होता.

सिग्नल किती बारीक असतो ते बघा. पाणी सेकंदाला एक सेंटीमीटर सरकतंय, चुंबकीय क्षेत्राचा उभा घटक ४० मायक्रोटेस्ला आहे, आणि दोन इलेक्ट्रोडमध्ये पाच सेंटीमीटरचं अंतर आहे. दाब तयार होतो सुमारे २० नॅनोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा पाच कोटीवा भाग. इलेक्ट्रोडच्या स्वतःच्या रसायनामुळे त्यांच्यात असलेला दाबफरक यापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि तो हळूहळू बदलतही असतो.

मग हा कण त्या ढिगातून वेचायचा कसा? इथेही गिरकी कामाला येते. प्रोब फिरला की प्रवाहामुळे आलेला दाब फिरण्याच्या लयीत कमी-जास्त होतो, इलेक्ट्रोडचा स्वतःचा दाब मात्र जागच्या जागी राहतो. लयीत हलतं तेवढं उचलायचं, बाकीचं सोडून द्यायचं. दिशेसाठी प्रोबमध्ये तारेचं एक वेटोळं असतं. तेही चुंबकीय क्षेत्रात फिरतं, त्यामुळे कुठल्या क्षणी तोंड उत्तरेला होतं ते त्यावरून कळतं.

टॉमस सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली या तत्त्वावरच्या प्रोफायलरचं, म्हणजे खोलीनुसार वेगाचा आलेख देणाऱ्या उपकरणाचं, वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातूनच पुढे वापरून टाकून द्यायचा प्रोब आला, एक्ससीपी. तो सेकंदाला साधारण साडेचार मीटर पडतो, सेकंदाला सोळाच्या आसपास गिरक्या घेतो, आणि दीड हजार मीटरच्या आसपास खोल जातो. एका गिरकीत तो जेमतेम २८ सेंटीमीटर खाली उतरतो. केसासारख्या बारीक तारेने तो पृष्ठभागावरच्या तरंगत्या डब्याशी जोडलेला असतो. तार उलगडत जाते, ओढली जात नाही, म्हणून पडणं मोकळंच राहतं. डबा रेडिओवरून माहिती जहाजाला पाठवतो. साडेपाच-सहा मिनिटांत सगळं संपतं.

या पद्धतीने मिळालेला वेग खरा वेग असतो का?

पूर्ण नाही. समजा वरपासून तळापर्यंतचा सगळा समुद्र एकाच वेगाने सरकतोय. तेव्हा पाण्यात जे विद्युतक्षेत्र तयार होतं ते सगळीकडे सारखंच असतं, आणि त्याच वेगाने वाहणाऱ्या प्रोबला काहीच जाणवत नाही. आकडा येतो शून्य. प्रोबला कळतो तो थराथरांतला फरक. म्हणजे आलेखाचा आकार बरोबर असतो, पण तो पूर्णच्या पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे किती सरकवायचा हे दुसरीकडून आणावं लागतं. जहाजाखालच्या डॉप्लर वेगमापकावरून (परतलेल्या आवाजाच्या वारंवारतेतल्या फरकावरून वेग काढणारं यंत्र) वरच्या थराचा खरा वेग घ्यायचा आणि तिथे आलेख टेकवायचा, हा रोजचा मार्ग. सॅनफर्डच्या गटाने १९८० च्या दशकात एका मोठ्या प्रोफायलरलाच ध्वनी-डॉप्लर जोडला. तो तळाजवळ पोचला की तळाच्या सापेक्ष आपला वेग मोजतो, आणि तिथून सगळा आलेख जागेवर बसतो.

नवखे लोक एक्ससीपीचे आकडे थेट वेग म्हणून छापतात. तसं करू नका.

ही पद्धत कुठेही चालते?

चुंबकीय विषुववृत्ताजवळ नाही. तिथे क्षेत्राचा उभा घटक शून्याकडे जातो आणि मोजायला सिग्नलच उरत नाही. शिवाय प्रोबचं पडणं स्वतःच क्षेत्राचा आडवा घटक कापत असतं. तो परिणाम हिशेबातून वजा करावा लागतो, आणि विषुववृत्ताकडे जाल तसा त्याचा वाटा वाढत जातो.

गंमत अशी की भौगोलिक विषुववृत्तावर थेट मोजणीची गरज सगळ्यात जास्त असते. इतरत्र पाण्याच्या घनतेवरून आणि पृथ्वीच्या फिरण्याच्या परिणामावरून वेगाचा अंदाज बांधता येतो. विषुववृत्तावर तो परिणाम शून्य होतो, आणि अंदाजाची वाट बंद होते. तिथे आवाजावर चालणारी उपकरणंच कामाला आली. जेम्स लायटन आणि जॉन स्वॅलो यांनी १९७६ साली पश्चिम हिंदी महासागरातल्या व्हाइट हॉर्सच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. विषुववृत्ताखाली खोलवर प्रवाह काही शे मीटरांच्या अंतराने दिशा बदलत जातो, एक थर पूर्वेला तर त्याखालचा पश्चिमेला, हे त्यांतून दिसलं. अशी रचना तिथे असेल याची आधी कुणाला कल्पना नव्हती.

वादळात जहाज जाऊ शकत नाही, मग मोजतात कसं?

विमानातून टाकून. एक्ससीपीची विमानातून सोडायची आवृत्ती आहे, ती १९८४ साली नॉर्बर्ट या चक्रीवादळात वापरली गेली. २००४ साली फ्रान्सिस चक्रीवादळाच्या वाटेत आधीच तीन तरंगी (तरंगत राहणारी उपकरणं) टाकून ठेवल्या होत्या. त्या आपली तरणशक्ती कमी-जास्त करून पुन्हा पुन्हा खाली-वर जातात आणि हीच विद्युत पद्धत वापरतात. वादळ डोक्यावरून जात असताना पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या वर गेलेला त्यांनी नोंदवला, आणि वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूला तो जास्त होता. उत्तर गोलार्धात तो तसा असायला हवा होता, पण खाली जाऊन बघणारं तोवर फारसं कुणी नव्हतं.

एकदा सोडलं की काम झालं?

एकदा सोडलं की एका क्षणाचं चित्र मिळतं. त्यात कायमचा प्रवाह, भरती-ओहोटी आणि जडत्वीय लाटा हे सगळं एकत्र कालवलेलं असतं. जडत्वीय लाटांत पाणी गोल फिरतं. फेरीला लागणारा वेळ अक्षांशावर ठरतो: ४५ अंशावर सुमारे १७ तास, ३० अंशावर सुमारे २४, १० अंशावर ६९ च्या आसपास. म्हणून युक्ती अशी करतात की एकदा सोडायचं आणि अर्ध्या फेरीनंतर त्याच जागी पुन्हा सोडायचं. ३० अंशावर असाल तर १२ तासांनी. दोन्हींची सरासरी घेतली की फिरणारा भाग बराचसा कटतो. वजाबाकी केली की उलट तोच भाग उघडा पडतो.

त्या फिरणाऱ्या भागातूनही खूप काही वाचता येतं. केविन लीमन आणि सॅनफर्ड यांनी १९७५ साली उत्तर अटलांटिकमधल्या नोंदींत दाखवलं, की खाली जाताना वेगाचा बाण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत जातो. उत्तर गोलार्धात याचा अर्थ ऊर्जा वरून खाली चाललीय, म्हणजे वाऱ्याने पृष्ठभागावर दिलेला धक्का खोल समुद्रात झिरपतोय.

सेंटीमीटरभर आकाराचे भोवरेही मोजता येतात?

येतात, वेगळ्या नाकाच्या उपकरणाने. पडणाऱ्या नळीच्या टोकाला रबरी आवरणाचं बारीक निमुळतं टोक असतं, आत दाबसंवेदी स्फटिक. बाजूने आलेला पाण्याचा धक्का त्याला वाकवतो आणि सिग्नल मिळतो. इथे केबलची थरथर अजिबात चालत नाही. १९९७ साली दक्षिण अटलांटिकच्या तळावरच्या ब्राझील खोऱ्यातल्या अशा नोंदींतून कळलं, की सपाट तळावरचं खोल पाणी फारसं मिसळत नाही, पण मध्य-अटलांटिक कटकाच्या (समुद्राखालच्या डोंगररांगेच्या) खडबडीत उतारांवर ते जोरात मिसळतं.

जहाजाला डॉप्लर वेगमापक असताना हे सगळं कशाला?

जहाजाखालच्या डॉप्लरचा आवाज सातशे मीटर, कमी वारंवारतेचा असेल तर हजारच्या आसपास पोचतो. शिवाय तो पाण्यातल्या बारीक जीवांवरून आणि कणांवरून परततो, आणि खोल पाणी फार स्वच्छ असतं. डॉप्लर केबलवरून खालीही सोडतात, आणि आज बहुतेक मोहिमांवर तेच होतं, हे मान्य करायला हवं. पण त्याला विंच लागते आणि जहाज तासन् तास अडकून पडतं. प्रोब टाकायला जहाज थांबवावं लागतंच असं नाही.

उपकरण परत येतं का?

वापरून टाकायचे प्रोब येत नाहीत. ते तारेसकट तळाशी राहतात, आणि त्याचं मला कौतुक नाही. बाकीची येतात, वजन सुटलं तर. म्हणून वजन सोडायच्या किमान दोन वेगळ्या सोयी ठेवतात: एक आज्ञेवर किंवा ठरल्या खोलीवर सुटणारी, दुसरी घड्याळावर. तिसरी म्हणून खाऱ्या पाण्यात झिजत जाणारा धातूचा दुवा लावतात, दोन्ही फसल्या तरी तो उशिरा का होईना तुटतो. रात्री सोडणार असाल तर लुकलुकणारा दिवा डेकवर आणि अंधारातच तपासा. माझ्या एका मोहिमेत दिव्यावरची संरक्षक टोपी काढायची राहिली होती. रेडिओवर नळीची हाक येत होती, ती पन्नास मीटरच्या आत होती, आणि आम्ही पहाटेपर्यंत काळ्या पाण्याकडे बघत बसलो.

हातात पहिली प्रोफाइल आली. आधी काय बघू?

उतरतानाचा आणि चढतानाचा आलेख एकमेकांवर ठेवा. दोन्ही साडेचार तासांच्या आत घेतलेले आहेत, त्यामुळे मोठी वळणं दोन्हींत दिसायला हवीत. उतरताना दिसलेलं वळण चढताना थोडं वर-खाली सरकलं असेल तर ती बहुधा अंतर्गत लाट, म्हणजे पाण्याच्या आतल्या थरांमधली. ते फक्त एकीकडेच असेल तर आधी उपकरणावर संशय घ्या: हाकेला ओ चुकली होती का, गिरक्या अडखळल्या होत्या का. मग पडण्याच्या वेगाचा आलेख काढा. तो वर-खाली उड्या मारत असेल तर बाकीचं काही वाचू नका, पंख तपासा आणि पुन्हा सोडा.